केस कोर्टात आणि माल त्याच्याकडेच : ॲपल-सॅमसंगच्या जॉबवर्कचं प्रकरण

हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटंसं वर्कशॉप आहे. चार लेथ, एक मिलिंग, दोन ड्रिल आणि २०१९ पासून एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं बारीक कामाचं मशीन). व्हीएमसी यायच्या आधी ज्या जॉबला बारीक टॉलरन्स लागायचा तो बाबा मागच्या लाइनीतल्या एका वर्कशॉपला द्यायचे, आणि ते वर्कशॉप म्हणजे आमचे पक्के स्पर्धक, एकाच कंपनीच्या टेंडरला दोघंही कोटेशन टाकणार, कधी आम्ही एल-वन (सगळ्यात कमी भाववाले) कधी ते, बोलणं चालणं जेमतेम. तरी जॉबवर्क त्यांच्याकडेच, कारण मशीन त्यांच्याकडे. आई वैतागून म्हणायची, ज्याच्या नावानं सकाळी बोटं मोडता त्याच्याच दारात दुपारी माल उतरवता.

मी आता पुण्यात चिप व्हेरिफिकेशनमध्ये (चिपचं डिझाइन बनवायच्या आधी तपासायचं काम) आहे आणि घरी आलो की बाबांना माझं काम समजावून सांगणं हा दर सुट्टीतला कार्यक्रम असतो. या मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस, कूलर नुसता आवाज करून राहिला, त्यांनी विचारलं, "तुमच्या धंद्यात बी असंच चालते का? दुश्मनाकडून माल बनवून घेतेत का लोकं?" म्हटलं बाबा, आमच्याकडे तर एकीकडे अब्जावधी डॉलरची केस चालू आणि दुसरीकडे त्याच माणसाकडून माल चालू. ते म्हणे सांग. मग जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय, मध्ये मध्ये त्यांचे प्रश्न पण येतील कारण खरं सांगायचं तर काही गोष्टी मला त्यांच्या प्रश्नांमुळेच सुचल्या.

सुरुवात

२००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा त्याच्यातला मुख्य प्रोसेसर सॅमसंगचा होता. तेव्हा ह्यात वावगं काहीच नव्हतं, ॲपल फोनच्या धंद्यात नवीन, स्वतःची चिप टीम अशी नव्हती, आणि सॅमसंगकडे मेमरी, प्रोसेसर सगळं एका छताखाली. आयपॉडची फ्लॅश मेमरी पण त्यांच्याकडूनच यायची. जुना सप्लायर, माल वेळेवर, विषय संपला.

मग ॲपलने एप्रिल २००८ मध्ये पी. ए. सेमी नावाची चिप डिझाइन कंपनी २७.८ कोटी डॉलरला घेतली आणि २०१० ला ए-४ नावाची स्वतःच्या नावाची पहिली चिप आली. ड्रॉइंग ॲपलचं, बनवणारा सॅमसंग, ४५ नॅनोमीटरवर (हा आकडा जितका लहान तितकं चिपवरचं काम बारीक). आणि त्याच वर्षी सॅमसंगने स्वतःचा गॅलेक्सी एस काढला. आता मजा बघा, ए-४ च्या पोटातला सीपीयू कोअर (हिशेब करणारा गाभा) आणि गॅलेक्सी एसच्या पोटातला कोअर, दोन्ही एकाच घराण्यातले, आर्म या डिझाइन कंपनीचा कॉर्टेक्स-ए८, इंट्रिन्सिटी नावाच्या कंपनीने पळायला शिकवलेला. ॲपलने २०१० मध्येच इंट्रिन्सिटी विकत घेऊन टाकली. म्हणजे जॉबवर्क करणारा आता शेजारच्या स्टॉलवर तसाच माल मांडून बसला, आणि ज्या कारागिरानं धार लावली होती त्याला ॲपलने घरी आणून बसवला.

१५ एप्रिल २०११ ला ॲपलने कॅलिफोर्नियात सॅमसंगवर केस टाकली, तुमचे फोन आमच्या फोनची नक्कल आहेत म्हणून.

"मंग माल बंद?" बाबा.

कुठचा बंद. ए-५ (२०११) सॅमसंग. ए-६ (२०१२) सॅमसंग. ए-७ (२०१३), फोनमधली पहिली ६४ बिट चिप, ती पण सॅमसंग. २४ ऑगस्ट २०१२ ला ज्युरीने सॅमसंगने ॲपलला सुमारे १.०५ अब्ज डॉलर द्यावेत असा निकाल दिला आणि बरोबर चार आठवड्यांनी, २१ सप्टेंबरला, आयफोन ५ दुकानात आला, आतमध्ये सॅमसंगच्या फॅबमधून (चिपच्या कारखान्यातून) निघालेली ए-६. दोन्ही बाजूंचे वकील अपिलाचे कागद करतायत आणि तिकडे वेफरचे (ज्यांच्यावर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या गोल चकत्यांचे) डबे रोजच्यासारखे निघतायत.

पॅटर्न उचलून का नेला नाही

इथे बाबा अडले, आणि त्यांच्या दृष्टीनं बरोबरच अडले. त्यांच्यासाठी फाउंड्री म्हणजे ओतकामाची फाउंड्री. कास्टिंगवाल्याशी पटलं नाही तर आपला पॅटर्न (ज्यावरून साचा काढतात तो नमुना) टेम्पोत टाकायचा आणि दुसऱ्या फाउंड्रीत नेऊन ठेवायचा, पंधरा दिवसांत सँपल. चिपच्या धंद्यातल्या बनवणाऱ्याला पण फाउंड्रीच म्हणतात पण तिथे असा पॅटर्न हलत नाही.

कारण असं की चिपचं ड्रॉइंग दोन टप्प्यात होतं. पहिला टप्पा म्हणजे लॉजिक, चिपनं काय करायचं ते. हे कोणाच्याही फॅबसाठी बरंचसं सारखं असतं (माझं काम ह्याच भागात, म्हणून मला झोप येते). दुसरा टप्पा म्हणजे फिजिकल डिझाइन, एकेक ट्रान्झिस्टर कुठे, तार किती रुंद, दोन तारांमध्ये जागा किती. आणि हा टप्पा ज्या फॅबमध्ये बनवायचं त्याच फॅबच्या नियमांनी करावा लागतो, ते लोक एक डिझाइन किट देतात, त्यात त्यांच्या मशीनला काय झेपतं ते सगळं असतं, त्यांचे छोटे सेल, त्यांची मेमरीची रचना. दुसऱ्या फॅबचं किट वेगळं, नियम वेगळे. म्हणजे माणूस बदलायचा तर ड्रॉइंगच परत काढायचं, मास्कचा सेट परत करायचा (तोच आपला पॅटर्न, पण सेटची किंमत लाखो डॉलरमध्ये), मग सँपल वेफर, मग टेस्टिंग, मग यील्ड (शंभरातल्या चांगल्या किती निघतात ते) वर यायची वाट. एक वेफर आत गेला की बाहेर यायला दोन-तीन महिने, त्यामुळे एक चूक म्हणजे एक ऋतू गेला समजा.

बाबांचं यावर एक वाक्य होतं, "म्हणजे केस टाकाले एक दिवस आणि माल हलवाले तीन वर्ष." अगदी तेच झालं. केस एप्रिल २०११ ची, आणि सॅमसंगच्या बाहेर बनलेली पहिली मोठी चिप, ए-८, आयफोन ६ मध्ये आली सप्टेंबर २०१४ ला. तीन वर्षं पाच महिने.

दुसरा माणूस

तो दुसरा माणूस म्हणजे तैवानची टीएसएमसी. मॉरिस चांग यांनी १९८७ मध्ये सिंचूला काढलेली, आणि तिचा एकच नियम, स्वतःच्या नावाची चिप काढायची नाही, फक्त दुसऱ्यांची बनवायची. बाबांना हे मी पाच मिनिटं समजावत होतो, त्यांनी एका ओळीत संपवलं, "म्हणजे तो टेंडरच भरत नाही." हो. तो टेंडरच भरत नाही, म्हणून त्याच्याकडे ड्रॉइंग ठेवताना पोटात गोळा येत नाही.

पण टेंडर न भरणं एकटं पुरत नाही, मशीन पण लागते. २०१० मध्ये ॲपलचे जेफ विल्यम्स चांग यांच्या घरी जेवायला गेले होते आणि तिथे बोलणं सुरू झालं, हे विल्यम्स यांनीच २०१७ मध्ये टीएसएमसीच्या तिसाव्या वर्धापन दिनाला सांगितलं. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे टीएसएमसीने ९ अब्ज डॉलर घातले, ६००० माणसं रात्रंदिवस लावली आणि ताइनानचा फॅब ११ महिन्यांत उभा केला. एका गिऱ्हाइकासाठी. मध्येच ॲपल इंटेलकडे पण बघून आली होती आणि थोडा काळ टीएसएमसीला थांबवून ठेवलं होतं, हे चांग यांनी नंतर सांगितलं. इंटेलचा किस्सा तर वेगळाच, पहिल्या आयफोनच्या चिपचं काम त्यांच्याकडे आलं होतं, भाव परवडत नाही म्हणून सोडलं आणि पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये सीईओपद सोडताना ती चूक जाहीरपणे कबूल केली. आपल्याकडे पण असे असतात, छोटी ऑर्डर म्हणून चहा पण न पाजता परत पाठवतात आणि मग दहा वर्षं तीच गोष्ट सांगत बसतात.

बनवणाऱ्याला काय काय कळतं

हा भाग लोक उगाच फुगवतात किंवा मग सोडूनच देतात. स्पर्धकाकडे चिप बनवायला दिली म्हणजे त्यानं डिझाइन चोरलं, असं सरळ नसतं. फॅबकडे जाते ती लेआउटची फाइल, म्हणजे अब्जावधी चौकोन कुठल्या थरावर कुठे आहेत एवढंच. त्यातून उलटं लॉजिक काढणं म्हणजे तयार भिंतीच्या विटा मोजून आर्किटेक्टच्या डोक्यात काय होतं ते ओळखणं, शक्य आहे पण तोपर्यंत पुढची चिप बाजारात असते. आणि विकायला लागल्यावर तर कोणीही फोन विकत घेऊन चिप खरवडून फोटो काढू शकतो, त्याच्या कंपन्याच आहेत.

मला जास्त खुपणारी गोष्ट वेगळी आहे. आकडा. वेफर किती सुटले, कोणत्या महिन्यात वाढले, कधी कमी केले, ह्यावरून समोरचा फोन कधी येणार आणि किती विकायची तयारी आहे हे बनवणाऱ्याच्या प्लॅनिंगवाल्याला आपल्याही आधी कळतं. सॅमसंगसारख्या कंपनीत चिपचा विभाग आणि फोनचा विभाग ह्यांच्यात भिंत असते, असायलाच पाहिजे, नाहीतर कोणी कामच देणार नाही. पण मोठ्या कंपन्यांचा सगळा त्रास असा की भिंत आहे हे गिऱ्हाइकाला दाखवावं लागतं. सॅमसंगने फाउंड्रीचा स्वतंत्र विभाग केला तो मे २०१७ मध्ये, म्हणजे ॲपलची मोठी ऑर्डर निघून गेल्यावर.

बाबा यावर काही बोलले नाहीत, फक्त हसले. नंतर कळलं का हसले ते, जुन्या काळी मागच्या लाइनीतल्या वर्कशॉपला जॉब द्यायचे तेव्हा चलनावर ते मुद्दाम अर्धाच लॉट दाखवायचे, उरलेला आठवड्यानं.

मग परत त्याच्याकडेच

आता ह्या प्रकरणातला माझा आवडता भाग. २०१४ ला माल टीएसएमसीकडे गेला, सुटले एकदाचे असं वाटतंय ना? २०१५ ला ए-९ आली आणि ती ॲपलने दोघांकडून बनवून घेतली. अर्धी सॅमसंगकडून १४ नॅनोमीटरवर, अर्धी टीएसएमसीकडून १६ वर (अर्धी म्हणजे अगदी निम्मी असं नाही, दोघांत वाटून). केस अजून चालूच होती हं, ती २०१६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि जून २०१८ ला तडजोडीनं मिटली.

का गेले परत? तर मशीन. सॅमसंगने २० वरून थेट १४ वर उडी मारली, फिनफेट नावाचा उभ्या पात्याचा ट्रान्झिस्टर, आणि एप्रिल २०१५ मध्ये त्याच लाइनवर बनलेली स्वतःची एक्सिनॉस ७४२० नावाची चिप घालून गॅलेक्सी एस६ विकायला पण काढला. म्हणजे नवीन मशीनवर पहिल्यानं स्वतःचा माल काढला, लाइन बसली, मग गिऱ्हाइकाचा घेतला. आणि ही उडी कशी जमली त्याचीही कोर्टकचेरी झालीच, टीएसएमसीतून सॅमसंगकडे गेलेले लिआंग माँग-साँग यांच्यावर टीएसएमसीने केस केली होती आणि तैवानच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना २०१५ संपेपर्यंत सॅमसंगमध्ये काम करायला मनाई केली.

तर ए-९. एकाच नावाची चिप, दोन ड्रॉइंग, दोन मास्क सेट. चिपवर्क्स नावाच्या, चिप उघडून तपासणाऱ्या कंपनीने दोन्ही मोजल्या, सॅमसंगवाली ९६ चौरस मिलिमीटर आणि टीएसएमसीवाली १०४.५. आठ-साडेआठ चौरस मिलिमीटर म्हणजे नखाएवढं पण नाही, पण ३०० मिलिमीटरच्या वेफरवर मांडून बघा. मी नेहमीच्या ढोबळ सूत्रानं हिशेब केला तर एका वेफरवर सॅमसंगच्या साधारण ६६५ आणि टीएसएमसीच्या साधारण ६१० बसतात, खराब निघालेल्या वजा करायच्या आधी. वेफरमागे पन्नासच्या वर चिप. आणि ही चिप असलेले आयफोन ६एस आणि ६एस प्लस पहिल्या तीन दिवसांतच १ कोटी ३० लाखांच्या वर विकले गेले, तेव्हा हा फरक लहान नाही.

तेव्हा मी व्हीएनआयटीतून नुकताच बाहेर पडलो होतो आणि आमच्या ग्रुपमध्ये नुसता धिंगाणा. ज्याच्याकडे नवीन फोन आला त्याला पकडायचं, एक ॲप टाकायचं, मॉडेल कोड बघायचा. एन७१ एपी असेल तर सॅमसंग, मध्ये एक छोटा एम असेल तर टीएसएमसी. धरमपेठला चहाच्या टपरीवर माझ्या मावसभावाचा कोड बघितला, एम निघाला, पोरगा असा खुश झाला जसं काही लॉटरी लागली. कारण तेव्हा इंटरनेटवर गाजत होतं की एका बॅटरी टेस्टमध्ये टीएसएमसीवाला फोन दीड-दोन तास जास्त चालतो. ॲपलने सांगितलं की ती टेस्ट प्रोसेसरला सतत पळवते, रोजच्या वापरात फरक २ ते ३ टक्क्यांचाच. माझं मत विचाराल तर ॲपलचं बरोबर होतं, पण गिऱ्हाइकाला समजावताना ते फसले, कारण एकदा का माणसाला कळलं की दोन प्रकारचा माल आहे की त्याला आपल्याकडे आला तो हलकाच वाटतो. तर्री पोह्याच्या ठेल्यावर पण तेच, दुसऱ्याच्या प्लेटमध्ये तर्री नेहमी जास्त.

दोन ठिकाणी बनवायचा खर्च दुप्पट नाही पण डोकेदुखी दुप्पट. तरी केलं, कारण भाव बोलताना समोर दुसरा माणूस बसलेला असला की पहिल्याचा आवाज खाली येतो आणि एकाकडे यील्ड बसलं नाही तरी फोन वेळेवर निघतो. म्हणून मला ते "ॲपल चोरीच्या भीतीनं सॅमसंगपासून पळाली" हे नेहमीचं विश्लेषण अर्धवट वाटतं. भीती एवढी असती तर २०१५ मध्ये परत त्याच दारात गेली नसती.

पॅकेजिंगनं गाठ बसली

मग २०१६ च्या ए-१० ला सॅमसंग बाहेर. आणि इथे माझ्या मते फॅबपेक्षा पॅकेजिंगनं काम केलं, ज्याच्याकडे तेव्हा बहुतेकांचं लक्ष नव्हतं.

पॅकेजिंग म्हणजे खोका नाही. वेफर कापून निघालेला सिलिकॉनचा तुकडा (त्याला डाय म्हणतात, बाबांना प्रेसची डाय आठवली, दहा मिनिटं गेली) नुसता बोर्डावर लावता येत नाही, त्याला बारीक तारांनी बाहेरच्या मोठ्या गोळ्यांपर्यंत जोडावं लागतं. आधी ह्यासाठी डायच्या खाली एक सबस्ट्रेट असायचा, छोटा सर्किट बोर्डच म्हणा, आणि फोनमध्ये वरती मेमरीचा दुसरा मजला. हे काम बहुतेक वेळा फॅब करतच नाही, एएसई, ॲमकोर अशा वेगळ्या कंपन्या करतात, आपल्याकडे कसं मशीनिंग इथे, हीट ट्रीटमेंट तिथे, प्लेटिंग तिसरीकडे.

टीएसएमसीने काय केलं, इन्फो नावाची पद्धत काढली, खालचा सबस्ट्रेटच काढून टाकला आणि तारांचे पातळ थर थेट बसवले. पॅकेज पातळ झालं, उष्णता पण बरी निघते. आणि हे काम त्यांनी बाहेर दिलं नाही, स्वतःकडेच ठेवलं. झालं. आता चिप एकाच छताखाली बनते आणि तिथेच पॅक होते, दुसऱ्या कोणाकडे तसं पॅकेज त्या वर्षी मिळत नाही, म्हणजे फॅब बदलायचा तर पॅकेज पण सोडायचं आणि फोनची जाडी परत मोजायची. चांगल्या मालाच्या आमिषानंच गिऱ्हाईक बांधलं गेलं, कोणी करार दाखवून बांधलं नाही. आणि गंमत म्हणजे फोन खोलून आतलं दाखवणाऱ्या आयफिक्सिटने आयफोन ७ उघडला तेव्हा त्या ए-१० च्या डोक्यावर मेमरी होती सॅमसंगची. खालचा मजला गेला, वरचा राहिला. दुसऱ्या वर्षी आयफोन टेनचा ओलेड स्क्रीन पण सॅमसंगचाच आला, म्हणजे हिशेब बंद कधी झालाच नाही, फक्त खातं बदललं.

टीएसएमसीने अमेरिकेत ॲरिझोनात फॅब टाकलाय, पण पॅकेजिंग तिथे नव्हतं, मग ॲमकोरने तिथे पिओरियाला २ अब्ज डॉलरचा प्लांट २०२३ मध्ये जाहीर केला आणि पहिलं मोठं गिऱ्हाईक ॲपल. चिप बनवली तरी पॅक करायला समुद्र ओलांडायचा, ही गोष्ट आपल्या साणंद (गुजरात) आणि जागीरोडच्या (आसाम) प्लांटवाल्यांनी बरोबर ओळखली, त्यांनी सुरुवातच पॅकेजिंगपासून केली. तिकडे इंटेलने २०२४ च्या लुनार लेक नावाच्या लॅपटॉपच्या चिपमध्ये उलटंच केलं, घरचे फॅब असताना मुख्य तुकडा टीएसएमसीकडे बनवला आणि पॅकेजिंग स्वतःकडे ठेवलं. कंपनीत ह्यावर आमची जेवणाच्या सुट्टीत भांडणं झालीत.

आणि २०२५

ऑगस्ट २०२५ मध्ये ॲपलनेच जाहीर केलं की टेक्ससमधल्या ऑस्टिनला सॅमसंगच्या फॅबमध्ये एक नवीन पद्धत घेऊन आयफोनसाठी चिप बनणार. मुख्य प्रोसेसर नाही. पण ऑस्टिन तेच, जिथे २०११ मध्ये केस टाकल्याच्या वर्षी ए-५ बनत होती.

बाबांचा शेवटचा प्रश्न मला अजिबात अपेक्षित नव्हता. "ते मास्क का काय म्हणतं तू, केस चालू होती तेव्हा ते कोणाकडे होते?" म्हटलं फॅबकडेच, मास्क फॅबमध्येच राहतात, पैसे गिऱ्हाइकानं दिलेले असले तरी दुसऱ्याच्या मशीनला ते चालतच नाहीत. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले आपली तीन फिक्स्चर (जॉब मशीनवर पकडून ठेवायची) अजून मागच्या लाइनीत त्यांच्या रॅकवर पडून आहेत. व्हीएमसी आली तेव्हाच आणायची होती. मी विचारलं मग आणली काहून नाही? तर चष्मा पुसत म्हणे, "राहू दे. दिवाळीच्या आधी आपली मशीन फुल असते."

त्यांनीही ती कधी परत पाठवली नाहीत म्हणा.